उभे रकाने

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. साल एकोणीसशे त्रेसष्ट. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक बाक आणि पत्र्याची पाटी: 'मराठी टायपिंग सुबक व वेळेवर. पितांबर पाटील, ब्राह्मणपुरीकर.' त्यातला 'सुबक' हा शब्द पेंटरला सांगून मी मुद्दाम मोठा काढून घेतला होता. ब्राह्मणपुरीला घरची शेती होती, केळी होती, कापूस होता. थोरला भाऊ म्हणायचा, "तुले नांगर धरता येस नही, म्हनीसन टकटक करस." खरंच होतं ते. पण माझी टकटक तालुक्यात नावाजलेली होती, आणि तालुक्याला ते विसरू न देण्याचं काम मी जातीने करत असे.

माझी ख्याती तक्त्यांची. साधा अर्ज कोणीही टाइप करील, तक्त्याला डोकं लागतं. प्रत्येक रकान्यात सगळ्यात लांब शब्द कोणता ते आधी शोधायचं, तो यंत्रावर किती घरं खातो ते मोजायचं, पुढे दोन घरं मोकळी सोडायची आणि तिथून दुसरा रकाना सुरू करायचा. त्यातही मराठी यंत्राची एक खोड असते. मात्रा किंवा अनुस्वार मारला की कागद धरणारी गाडी जागची हलत नाही. नवशिके कागदावर बघून घरं मोजतात आणि त्यांचे रकाने साप चालल्यासारखे येतात. मी गाडीच्या पावलांवर मोजायचो.

चांगल्या यंत्राला टॅब्युलेटर नावाची कळ असते. ती दाबली की गाडी घसरत जाऊन पुढच्या रकान्याच्या तोंडाशी थांबते. माझं यंत्र धुळ्याहून जुनं घेतलेलं. त्यात ती कळ होती, पण मेलेली. दुसरा असता तर नशिबाला बोल लावत बसला असता, मी त्यावर तोड काढली. डाव्या समासाची एक खुंटी असते, गाडी मागे ओढली की तिथे येऊन अडते. ती खुंटी मी नावांच्या रकान्यावर लावायचो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती नावं मारून घ्यायचो. मग कागद फिरवून पुन्हा वर आणायचा, खुंटी सरकवायची आणि वरपासून खालपर्यंत नुसती गावं. जग आडवं टाइप करतं, मी उभं करायचो. रकाने असे सरळ यायचे की गवंड्याने ओळंबा लावून बघावा.

त्या वर्षी दिवाळीनंतर प्रकाशा गावच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार होतं. मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला धुळ्याहून एक डॉक्टर येणार होते. आठ दिवस आधी त्यांनी शहाद्याच्या बाजारात रोगी तपासून निवडले, आणि त्यांचा कंपाउंडर हिलाल याने यादी उतरवून घेतली: नाव, गाव आणि डावा डोळा की उजवा. एका माणसाचा एका खेपेला एकच डोळा करायचा, जो पिकला असेल तो. हिलालचं अक्षर म्हणजे शेणात नाचलेली कोंबडी. कागदाच्या कोपऱ्याला चुन्याचं बोट पुसलेलं. तो कागद माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "पितांबरभाऊ, तीन प्रती. एक दारले लावाले, एक तापीबाईले, एक डॉक्टरना टेबलवर." तापीबाई म्हणजे शिबिरातल्या नर्सबाई.

मी कार्बन घालून कागद चढवला आणि नावांचा रकाना सुरू केला. यादी गावावार होती. एकोणीस नावं मारून होतात तोच हिलाल सायकलवरून परत आला. "आखो एक शे. उखा, तुमना ब्राह्मणपुरीना. उजवा डोया. गाववालासना संगेच घाला, नहीतं तठे भांडन करी." ब्राह्मणपुरीचं शेवटचं नाव मी नुकतंच मारलं होतं, म्हणून विसाव्या ओळीवर उखा बसला. पुढे डोंगरातली बारा माणसं, मग उरलेली गावं.

गावांच्या रकान्यात उखा माझ्या ध्यानात राहिला, आपल्याच गावचा म्हणून. डोळ्यांच्या रकान्याला येईपर्यंत मात्र तासभर गेला होता, मधे चहा झाला होता, आणि हिलालच्या कागदावर उखा नव्हताच. मी त्या कागदावर बघत उजवा, डावा, उजवा, उजवा करत खाली उतरलो. उखाच्या पुढे त्याच्या खालच्या माणसाचा डोळा बसला, त्या माणसापुढे त्याच्याही खालच्याचा. शेवटच्या ओळीवर आलो तर घर रिकामं. सेहेचाळीस नावं आणि पंचेचाळीस डोळे.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मला वाटलं, हा हिलाल लिहायचा विसरला, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा. कोरं घर मला खपत नसे. वरच्या ओळीत 'उजवा' होतं, खाली मीही 'उजवा' ठोकून दिलं. असं का केलंस म्हणून मला कोणी विचारलं तर उत्तर एकच आहे: कागद भरलेला दिसायला हवा होता.

शिबिराच्या पहिल्या दिवशी एकोणीस ऑपरेशनं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने प्रकाशाला गेलो. सांगायला कारण होतं की गावच्या उखाची पाळी आहे. खरं कारण, दारावर लावलेली माझी यादी लोक कशी बघतात ते मला बघायचं होतं. ती होतीही बघण्यासारखी. येणारा-जाणारा थांबायचा, एकाने तर छापखान्यातून आणली का म्हणून विचारलं. मी तिथेच घुटमळत राहिलो, म्हणजे कोणी करणाऱ्याचं नाव विचारलं तर सांगायला सोपं.

आत ओसरीवर तापीबाई माझी दुसरी प्रत हातात धरून एकेकाच्या भुवईवर जांभळ्या औषधाचा ठिपका लावत होत्या. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्यावर ठिपका. त्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापायचे, थेंब घालायचे आणि माणसाला आत न्यायचं. उखाचा ठिपका झाला. पुढे डोंगरातली माणसं होती. दोन दिवस पायी उतरून, मग खटाऱ्यातून ती आली होती. त्यांना घेऊन आलेला रेवजी भिंतीशी उभा होता. साठीचा, सडपातळ, डोक्याला मळकं फडकं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाजारात येऊन-जाऊन अहिराणी चांगली येत होती, म्हणून डोंगरातल्या लोकांचा तो दुभाषी.

रूपलीबाईचा ठिपका उजवीकडे लागला, नवलसिंगचाही उजवीकडे. तिसरी कालीबाई. तापीबाईंनी कागदावर बोट ठेवलं आणि तिच्या डाव्या भुवईवर ठिपका लावला.

रेवजी पुढे आला. "बाई, हिना उजवा डोया शे."

"कागदमा डावा लिखेल शे, रेवजी."

"माले वाचता येस नही. पन बाजारमा डाक्टरनी जो डोया सांगा, त्याच बाजूना हातले मी दोरा बांधा." त्याने कालीबाईचा उजवा हात वर धरला. मनगटाला लाल दोरा होता. मग मी बाकीच्यांकडे पाहिलं. बाराही जणांच्या मनगटाला दोरे होते, कोणाच्या डाव्या, कोणाच्या उजव्या. बाजाराच्या दिवशी हिलाल कागदावर लिहीत होता, त्याच वेळी हा आपली यादी माणसांच्या अंगावरच बांधत होता.

इथे मी मधे पडलो. कोणी बोलावलं नव्हतं. "रेवजी," मी म्हणालो, "हाऊ कागद मी करेल शे. मन्हा कागद आजलगून चुकना नही. दोरा बांधताना तूच चुकना व्हशीन."

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "व्हई भाऊ. कागद चांगला शे. पन दोरा उजवा हातले शे."

"म्हंजे काय, छापेल खोटं आनि दोरा खरा?"

रेवजीने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. त्याने कालीबाईचा हात धरला, बाकीच्या अकरा जणांना काहीतरी सांगितलं, आणि ती बाराही माणसं उठून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. रेवजी त्यांच्यापुढे उकिडवा बसला. याचा निकाल लागल्याशिवाय एकही जण आत जाणार नाही, हे न सांगता कळत होतं. मला राग आला. अडाण्याचा हट्ट म्हणून मी शेजारच्याजवळ पुटपुटलोसुद्धा.

काम थांबलं म्हणून डॉक्टर बाहेर आले. उंच, कमी बोलणारे, हाताला साबणाचा वास. त्यांनी तापीबाईंचं ऐकलं, रेवजीचं ऐकलं आणि विचारलं, "हिलालचा मूळ कागद कुठे आहे?"

तो माझ्या खिशातच होता. परत द्यायचा म्हणून आणला होता. मी तो मोठ्या थाटात काढला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, आत्ता दाखवतो, अशा तोऱ्यात मी दोन्ही कागद ओसरीवर शेजारी शेजारी मांडले आणि कालीबाईच्या नावावर बोट ठेवून आडवं सरकवलं. हिलालच्या कोंबडीने 'उजवा' लिहिलं होतं. माझ्या कागदावर 'डावा'.

खालच्या ओळीवर आलो. तिथेही फरक. त्याच्या खाली जुळलं, पुढे पुन्हा फरक. मग मी वर गेलो, आणि माझ्या कागदावर उखाचं नाव दिसलं, जे हिलालच्या कागदावर नव्हतं. त्या उभ्या, देखण्या रकान्यात विसाव्या ओळीपासून प्रत्येक माणसापुढे दुसऱ्याचा डोळा होता.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बरं बोललो.

डॉक्टरांनी कालीबाईला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले. "उजवा पिकलाय. डावा अजून कच्चा आहे, त्यातून तिला थोडं दिसतं. त्याच थोड्यावर ती डोंगर उतरून आली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टेबलावर मला माणूस दिसत नाही, पितांबर. चेहरा झाकलेला असतो, एकच डोळा उघडा ठेवतात. जो उघडा ठेवतील, तो मी करतो. आज मी डावा केला असता. कच्चा मोतीबिंदू नीट निघत नाही. तो डोळा गेला असता, आणि उजवा तर बंदच आहे. ही बाई अंधारात परत गेली असती."

मी मान खाली घालून उभा होतो. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुमचा कागद इतका सुंदर नसता, तर मी एकदा तरी शंका घेतली असती. हिलालच्या अक्षराची मी रोज घेतो."

तासभर काम बंद ठेवून त्यांनी राहिलेल्या सत्तावीस जणांचे डोळे पुन्हा तपासले. नऊ जणांचा डोळा माझ्या कागदावर चुकला होता. नऊ. लिंबाखालच्या बारांचे दोरे मात्र बाराच्या बारा बरोबर निघाले.

नवी यादी करायला यंत्र शहाद्याला. मी फूटपट्टी आणि पेन्सिल मागून घेतली आणि ओसरीवर मांडी घातली. या वेळी आडवी. एक माणूस, त्याचं नाव, गाव, डोळा, खाली रेघ. मग पुढचा माणूस. डॉक्टर सांगत होते, मी लिहून मोठ्याने वाचत होतो, आणि रेवजी माझ्याजवळ बसून प्रत्येक नावाला मनगट बघून मान हलवत होता. पाच-सहा नावं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊ, माले बी समजी आसं कर ना."

मी विचारात पडलो. आजवर तक्ता वाचणाऱ्यांसाठीच केला होता. मग डोळ्याचा रकाना मोडून त्याची दोन घरं केली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. डावा डोळा असेल तर डाव्या घरात फुली, उजवा असेल तर उजव्या. शब्दच नको. कागद रेवजीच्या हातात दिला. त्याने तो पाहिला, समोर बसलेल्या नवलसिंगच्या तोंडापुढे धरला, आणि हसला.

"आसा समोर धरा ते उलटं व्हई जास. त्याना उजवा मन्हा डावाकडे येस."

खरंच की. मी कपाळाला हात लावला. एका चुकीतून उठून मी दुसरीकडेच निघालो होतो.

"माणसाना मांगे उभं ऱ्हाईसन देखो," रेवजी म्हणाला. "मंग बराबर."

तेव्हा मी कागदाच्या वर, दोन्ही घरांच्या मधोमध, एक पाठमोरं डोकं काढलं. ते पाठमोरं आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून त्याला वेणी काढली. तापीबाई हसल्या, डॉक्टरही जरा हसले. त्या दिवशी एकेका रोग्याच्या मागे उभं राहून ठिपके लागले, आणि कोणाला कुठे लावायचा हे रेवजी तापीबाईंच्या आधी सांगू लागला. कालीबाईच्या उजव्या भुवईवर ठिपका लागला तेव्हा मी तिथेच होतो. तिला आत नेल्यावर मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो, ती बाहेर येईपर्यंत हललो नाही.

सातव्या दिवशी पट्ट्या सुटणार होत्या. मी दुकान बंद ठेवून गेलो. त्या सात दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. बायको विचारायची, "काय व्हयनं?" आणि माझ्याने सांगवत नव्हतं. नऊ जणांतल्या बाकीच्यांचं मनात यायचं, नाही असं नाही, पण डोळ्यापुढे उभी राहायची कालीबाई. त्या बारा जणांना उठवून लिंबाखाली बसवणारा माणूस तिथे नसता तर काय झालं असतं, हे पुन्हा पुन्हा मनात येई.

खोलीत उजेड कमी केला होता. तापीबाईंनी कालीबाईची पट्टी सोडली, कापसाने डोळा पुसला आणि डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा तिच्या नाकावर ठेवला. मग तिने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले. मग रेवजीकडे बघून ती काहीतरी म्हणाली आणि डोंगरातली सगळी माणसं खळखळून हसली. रेवजी लाजला. "म्हनस, तू ते म्हातारा व्हई गया."

मला राहवलं नाही. मी पुढे झालो. "रेवजी, हिले सांग. मन्हा कागदमुळे हिना डोया जानार व्हता. मी चुकनू. आनि तुलेच चूक म्हननू. हिले सांग, मी माफी मागस."

रेवजीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळून तो त्यांच्या बोलीत बोलू लागला. मला त्यातला शब्दही कळत नव्हता. मी फक्त तिचा चेहरा बघत होतो आणि तो आता बदलेल, मग बदलेल म्हणून वाट बघत होतो. चेहरा बदलला. ती उठली, माझ्याजवळ आली, त्या चष्म्यातून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने माझी बोटं आपल्या कपाळाला लावली, एकदा आणि पुन्हा एकदा.

"काय सांगं तू हिले?" मी विचारलं.

"सांगं, कागद लिखनारा भाऊ हाऊ शे. तुन्हं नाव यानी लिखं, तुन्हा डोयानी खूण यानी करी."

"आनि चूक?"

"ती दोन दिन चालीसन उनी," रेवजी म्हणाला. "डोया ल्याले उनी. तुन्ही चूक तिनी कसाले लई जावानी? ती मन्हाकडे ऱ्हाऊ दे."

कालीबाई माझे हात धरूनच उभी होती, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या जाड भिंगातून तिला बहुधा मोठं दिसत असावं, कारण ती हसत होती. ते हात माझ्या हक्काचे नव्हते. तरी मी ते सोडवून घेतले नाहीत. तिच्या डोळ्यासाठी मी रेवजीचा ऋणी होतोच. माझी चूक त्याने स्वतःकडे ठेवून घेतली, आणि त्या एका उपकाराची परतफेड कशी करायची हे मला आजतागायत सुचलेलं नाही.